शून्यांचा रकाना

चाळीस सेकंद झाली. मशीननं फुस्स करून हवा सोडली आणि आणखी वीस सेकंदांनी संगणकाच्या पडद्यावर लाल अक्षरं उमटली: गळती. नग नापास.

खोलीत पाच माणसं उभी होती.

“पुन्हा लावा,” खोडरबर म्हणाल्या.

खोडरबर हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हतं. त्या परवाना कार्यालयातल्या तपासनीस. तीस वर्षांपूर्वी एका प्रयोगशाळेच्या वहीत खोडून तीनचा आठ केलेला त्यांनी खिडकीच्या उजेडात कागद धरून पकडला, आणि तेव्हापासून हे नाव चिकटलं ते चिकटलंच. तोंडावर सगळे त्यांना बाई म्हणत, पाठ फिरली की खोडरबर. त्यांना हे ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर थोडंसं आवडायचंही.

नग पुन्हा लावला. पुन्हा लाल. तिसऱ्यांदा लावला, तिसऱ्यांदाही लाल.

नग म्हणजे ऑक्सिजनच्या सिलिंडरवर बसणारा रेग्युलेटर, नंबर एकशे अठ्ठ्याऐंशी. या प्रयोगशाळेत तपासून, पास होऊन तो बाहेर पडला होता. अकरा दिवसांपूर्वी एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी संध्याकाळपर्यंत पुरायचा सिलिंडर दुपारीच संपला, कारण हा रेग्युलेटर गुपचूप गळत होता. नातीनं पाहिलं तेव्हा आजींचे ओठ निळे पडले होते. त्या अजून हॉस्पिटलात होत्या.

आणि या नगाच्या दाखल्यावर ठसठशीत सही होती चाचणीवाल्या ताईंची.

प्रयोगशाळेत सगळे त्यांना ताईच म्हणत. वय अडतीस, अंगावर निळा एप्रन, बोलणं मोजकं. या क्षणी त्या पडद्याकडे अशा बघत होत्या की जणू घरच्याच कुणीतरी चारचौघांत त्यांना खोटं पाडलं होतं.

हिशेब सरळ होता. मशीन गळती पकडतंय. मग त्या दिवशीही पकडली असणार. म्हणजे ताईंनी पडद्यावर लाल पाहूनही पासचा दाखला दिला. पाच वाजता खोडरबरांना अहवाल पाठवायचा होता. त्यात ‘खोटा दाखला’ हे दोन शब्द गेले की ताईंचा सही करण्याचा परवाना जन्मभरासाठी रद्द झाला असता आणि पुढचं काम पोलिसांचं होतं.

बाकीच्यांना बाहेर पाठवून खोडरबरांनी खुर्ची ओढली.

“त्या दिवशी पडद्याचा रंग कुठला होता?”

“हिरवा.”

“आज तीनदा लाल झाला.”

“हो.”

“मग?”

“मला नाही कळत, बाई. मी मशीनला विचारलं, मशीननं काही तक्रार सांगितली नाही. मी सही केली.”

दुसरं कुणी असतं तर वीज गेली होती, डोकं दुखत होतं, गर्दी होती, असं काहीतरी पुढे केलं असतं. ताईंनी एकही सबब दिली नाही. असं वागणारी माणसं दोन प्रकारची असतात, अगदी सरळ किंवा पाठ करून आलेली. नोकरीत खोडरबरांना दुसऱ्या प्रकारची जास्त भेटली होती.

फळीवर कापडी पिशवीत सारखे दोन डबे होते. खोडरबरांना नसत्या चौकशा करायची सवयच होती, त्यांनी डब्यांबद्दलही विचारलं. एक ताईंचा आणि एक भाऊजींचा. रवानगी विभागाचे प्रमुख हे ताईंचे थोरले दीर. ताईंना इथे चिकटवलं त्यांनीच. घर एक, स्वयंपाकघर एक, म्हणून नऊ वर्षं रोज दोन डबे. ताई त्यांना भाऊजी म्हणायच्या, म्हणून अख्खी प्रयोगशाळा त्यांना भाऊजी म्हणायची. साहेबसुद्धा.

साहेब म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख. त्यांना बोलावलं तर ते कागद हातात घेऊनच आले. ताईंना कामावरून काढण्याचं पत्र तयार होतं, फक्त तारीख घालायची बाकी होती.

“हे कधी टाइप केलंत?”

“गेल्या सोमवारी.”

“इथला तपास आज सुरू झालाय.”

साहेबांनी रुमाल काढून कपाळ पुसलं. संस्थेचं नाव खराब होऊ नये म्हणून, असं काहीतरी ते पुटपुटले. खोडरबरांनी ते पत्र त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि आपल्या वहीत ठेवलं. एवढी घाई झालेल्या माणसावर त्यांचा संशय बसला नसता तरच नवल.

त्यानंतर प्रोग्रामर आला. मशीन चालवणारा प्रोग्राम यानंच लिहिला होता. तिशीचा, बारीक, नजर जमिनीवर. न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं तो आधी देत होता.

“प्रोग्राममध्ये मी काहीही बदललेलं नाही, बाई. बदलांची वही बघा, वर्षभर एक नोंद नाही.”

“मी बदलाचं विचारलं नाही. तो काम कसं करतो ते सांगा.”

त्यानं सांगितलं ते असं. संगणक मशीनला हुकूम सोडतो: हवा भर, चाळीस सेकंद धरून ठेव, दाब उतरतोय का बघ. हुकूम सोडला की संगणक ताटकळत बसत नाही. तो आधीच्या नगाचा दाखला तयार करायला घेतो. मशीन आपलं काम आपल्या वेळेत उरकतं आणि दोन खुणा लावून ठेवतं. काम झालं, ही एक. गळती असली तर दुसरी. मिनिट झाल्यावर संगणक परत येतो आणि विचारतो, काय रे, काही सांगायचंय का? गळतीची खूण मिळाली तर पडदा लाल होतो, नाहीतर हिरवा.

“म्हणजे मशीनचं काम चाळीस सेकंदांत होतं आणि तुम्ही विचारता साठाव्या सेकंदाला. मधली वीस सेकंद?”

“खुणा तशाच राहतात. कुठे जाणार?”

हे म्हणताना त्याच्या मानेवर घाम आला होता. खोली तशी गार होती.

मशीनची डागडुजी बघणारे मामा कोपऱ्यात तेलाचं फडकं घेऊन उभे होते. निवृत्तीला सहा महिने राहिलेले, कुणाची भीडभाड न बाळगणारे. मशीन तुम्ही अलीकडे उघडलं होतं का, असं खोडरबरांनी विचारलं. मशीनमध्ये काडीचा दोष नाही, असं मामांनी छातीठोकपणे सांगितलं. मग जरा थांबून त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली.

“फक्त एक आहे. मशीनला कुणी काही विचारलं ना, की हा पुढचा बारका हिरवा दिवा लुकलुकतो. आज बघा, एका नगाला एकदाच लुकलुकला. हा एकशे अठ्ठ्याऐंशी ज्यातला, ती साडेतीनशे नगांची खेप चालू होती तेव्हा मात्र हे मशीन सारखं डोळे मिचकावत होतं. मी ताईंना म्हटलंसुद्धा, कुणाच्या प्रेमात पडलंय की काय.”

“मग थांबलं कधी?”

“तो नग परत आल्याची बातमी आली ना, त्याच दिवशी.”

खोडरबरांनी वहीत एवढंच लिहिलं: दिवा.

जेवणाच्या सुट्टीआधी त्या रवानगी विभागात गेल्या. लांबट खोली, भिंतीला खोक्यांची चळत, मध्ये लेबल छापायचं यंत्र. भाऊजी पन्नाशीचे, गोरेगोमटे, बोलायला लाघवी. त्यांनी स्वतःची खुर्ची पुसून दिली, पंखा लावला, पाणी आणून ठेवलं. इथली लेबलं म्हणजे परवाना कार्यालयानं मोजून दिलेली. प्रत्येकावर अनुक्रमांक, आणि एखादं वाया गेलं तर का गेलं याचं पत्र द्यावं लागायचं. वर्षाला तीन पत्रं झाली की रवानगीप्रमुख बदलायचा, असा नियमच होता. भाऊजींनी भिंतीवरचा तक्ता कौतुकानं दाखवला. यंदा आत्तापर्यंत दोनच, आणि वर्ष संपायला दोन महिने.

मग त्यांचा आवाज ओला झाला.

“बाई, घरची म्हणून नाही सांगत. साडेतीनशे नग एकटीनं तपासले हो तिनं. त्यातल्या तीन नगांवरून माणसाला गुन्हेगार ठरवायचं का? नजरचूक कुणाच्या हातून होत नाही?”

“होते,” खोडरबर म्हणाल्या, आणि पाणी प्यायल्या.

त्यांचं लक्ष भाऊजींच्या टेबलाकडे होतं. टेबलावर सगळीकडे पुठ्ठ्याची बारीक धूळ होती, फक्त एका कोपऱ्यात वहीएवढा चौकोन लख्ख होता. त्याच्यामागे भिंतीतून एक वायर बाहेर आली होती आणि तिच्या टोकाला रबरबँड गुंडाळलं होतं. खोडरबरांनी एकशे अठ्ठ्याऐंशी नंबरचं लेबल आपल्या पिशवीतून काढून वहीत उतरवून घेतलं. छपाई: मंगळवार, सकाळी नऊ दहा. त्याखाली दाखल्यावरची वेळ उतरवली. चाचणी: बुधवार, अकरा वीस. भाऊजी तेव्हा त्यांच्यासाठी चहा सांगायला गेले होते.

परत येऊन त्यांनी त्या खेपेचे मूळ कागद मागवले. दाखले नव्हेत. प्रत्येक चाचणीनंतर संगणक जी लांबलचक यादी छापतो आणि जी कुणी म्हणजे कुणी वाचत नाही, ती. तिच्या अगदी उजव्या कडेला एक अरुंद रकाना होता: ‘काम झालं’ खूण. मिळाली तर एक, नाही मिळाली तर शून्य.

पहिल्या साठ नगांना एक, एक, एक. अधूनमधून एखादं शून्य. एकसष्ट नंबरला शून्य. बासष्ट आणि त्रेसष्टला पुन्हा एक. आणि चौसष्टपासून साडेतीनशेपर्यंत नुसती शून्यं, पानांमागून पानं. आज सकाळच्या तिन्ही चाचण्यांना मात्र एक.

खोडरबरांनी चष्मा काढून पुसला. मशीननं काम केलं होतं. तरी दोनशे सत्त्याऐंशी वेळा ओळीनं, काम झालं असं ते संगणकाला म्हणालंच नव्हतं. किंवा म्हणालं होतं, पण दुसऱ्याच कुणाला.

त्यांनी प्रोग्रामरला एकट्याला बोलावलं आणि यादी त्याच्यापुढे सरकवली.

“आणखी कोण विचारत होतं मशीनला?”

त्यानं यादीकडे न बघताच ती परत सरकवली.

“मी ताईंचा परवाना पाच वाजता रद्द करणार आहे. तोपर्यंत तुम्हाला काही आठवतंय का बघा.”

प्रोग्रामरचा धीर सुटला. त्याला रडू यायचंच बाकी होतं. त्यानं जे सांगितलं ते ऐकून खोडरबर उठल्या आणि सगळ्यांना चाचणीच्या खोलीत जमवायला सांगितलं. मामांना त्यांनी रवानगी विभागातलं कपाट बघायला पाठवलं.

साडेतीन वाजले होते. पार्सलच्या कागदाच्या भेंडोळ्यांखालून सापडलेला वहीएवढा पडदा मामांनी टेबलावर ठेवला. भाऊजींनी तो पाहिला आणि हात मागे बांधून उभे राहिले.

“हा जोडा,” खोडरबरांनी प्रोग्रामरला सांगितलं. “त्या बुधवारी होता तसाच.”

पडदा जोडला. मशीनचा हिरवा दिवा भराभर लुकलुकायला लागला. मामांनी मान डोलावली.

“ताई, एकशे अठ्ठ्याऐंशी लावा.”

ताईंनी तोच गळका नग बसवला. चाळीस सेकंद झाली, मशीननं हवा सोडली. त्या छोट्या पडद्यावर लाल ठिपका चमकला आणि विझला. वीस सेकंदांनी ताईंच्या संगणकाचा मोठा पडदा उजळला.

हिरवा. नग पास.

साहेब मटकन खुर्चीत बसले. ताईंनी तोंडावर हात ठेवला. अकरा दिवस त्यांना कुणी विश्वास ठेवण्यासारखं माणूस समजलं नव्हतं, आणि आज त्यांच्याच मशीननं त्यांच्या बाजूनं साक्ष दिली होती.

“सोपं आहे,” खोडरबर म्हणाल्या. “मशीनच्या खुणा म्हणजे दारावरच्या पेटीतलं पत्र. पत्र एकच असतं. जो आधी पेटी उघडेल तो ते घेऊन जातो, मागून येणाऱ्याला पेटी रिकामी. या मशीनला एकदा विचारलं की ते खुणा सांगतं आणि सांगितल्याबरोबर पुसून टाकतं. बनवणाऱ्यांनी ते एकाच मालकासाठी बनवलंय. इथे मालक दोन झाले.”

त्या प्रोग्रामरकडे वळल्या. रवानगीत बसून कोणता नग पास झाला ते दिसावं म्हणून हा पडदा त्यानं भाऊजींना करून दिला होता, कुणाला न सांगता आणि वहीत न लिहिता. आधी तो पडदा दर पाच मिनिटांनी मशीनला विचारायचा. मधल्या वीस सेकंदांत त्याची वेळ क्वचितच यायची, म्हणून यादीत एखाददुसरं शून्य. शिवाय ‘काम झालं’ ही खूण मिळाली नाही तर ओरडायचं सोडून, तक्रार नाही म्हणजे ठीक, असं प्रोग्रामरनं आपलं धरून चालायचं ठरवलं होतं. पेटी रिकामी दिसली की त्याचा संगणक सगळं क्षेम आहे असं समजायचा. खोडरबरांनी त्याला हे इतक्या थंडपणे सुनावलं की त्यापेक्षा ओरडा खाल्ला असता तर बरं, असं त्याला वाटलं असेल.

“इथपर्यंत चूक झाली. गाढवपणाची, पण चूक. गुन्हा यापुढे आहे.” त्या भाऊजींकडे वळल्या. “मंगळवारी दुपारी एकसष्ट नंबर लागला. योगायोगानं तुमच्या पडद्यानं आधी विचारलं. तुम्हाला लाल दिसलं. तुम्ही इथे आलात ना?”

बोलल्या त्या ताई, अगदी हळू.

“आले होते. दारात उभे राहिले, पडद्याकडे बघितलं. मी विचारलं, काय हवंय. काही नाही म्हणाले.”

“पडदा हिरवा होता आणि नग पासच्या ट्रेमध्ये होता. तुमच्या ध्यानात आलं, की तुमचा पडदा आधी विचारतो तेव्हा हिच्या पडद्याला काही कळत नाही. त्यानंतर पाच मिनिटांत तुम्ही प्रोग्रामरला काय सांगितलंत?”

उत्तर प्रोग्रामरनं दिलं. लेबलं खोळंबतात, पडद्याला दर दोन सेकंदांनी विचारायला लाव, असं भाऊजी म्हणाले होते. चौसष्टाव्या नगापासून तसं झालं. तिथूनच शून्यं सुरू झाली.

“पण का?” साहेबांनी विचारलं. “त्यांना काय मिळणार होतं?”

“काही मिळवायचं नव्हतं, आहे ते घालवायचं नव्हतं. लेबल चाचणीनंतर छापायचं असतं. यांनी साडेतीनशेच्या साडेतीनशे लेबलं मंगळवारी सकाळी नऊ वाजताच छापून ठेवली होती. बुधवारी तपासलेल्या नगावर मंगळवारचं लेबल आहे. एक नग जरी नापास झाला असता तरी एक लेबल वाया, आणि यंदाचं तिसरं पत्र.”

भाऊजींनी घसा खाकरला. पुराव्याशिवाय बोलू नये, असं ते म्हणाले. पडदा त्यांच्या कपाटात होता एवढंच. तो बिघडला म्हणून ठेवला होता. लाल त्यांनी पाहिलंच नव्हतं.

“पाहिलं नाही?”

“एकदाही नाही.”

“मग तीन कुठून आले?”

भाऊजींच्या कपाळाला आठी पडली.

“सकाळी तुम्ही म्हणालात, तीन नगांवरून माणसाला गुन्हेगार ठरवायचं का. परत आलेला नग एकच आहे. बाकीची खेप आम्ही माघारी मागवून आमच्या कार्यालयात तपासली. आणखी दोन गळके निघाले, एकसष्ट आणि दोनशे चाळीस. तो कागद कालपासून माझ्या पिशवीत आहे आणि मी तो कुणालाही दाखवलेला नाही. या इमारतीत फक्त त्याच माणसाला तीन हा आकडा माहीत असू शकतो, ज्याच्या डोळ्यांसमोर तीनदा लाल दिवा लागला.”

भाऊजींनी एकदा दाराकडे बघितलं, मग खाली.

“मी काही केलं नाही,” ते शेवटी म्हणाले. “मी फक्त गप्प बसलो.”

“हेच लिहिते,” खोडरबर म्हणाल्या, आणि अक्षरन् अक्षर तसंच लिहिलं. “सही करा.”

त्यांनी सही केली. साहेबांच्या पत्राचे खोडरबरांनी चार तुकडे केले आणि ते त्यांच्याच हातात ठेवले. त्यांच्याविषयी अहवालात वेगळा परिच्छेद असेल, हेही सांगून टाकलं. मग त्या ताईंकडे वळल्या. सकाळी आपण हिला पाठ करून आलेली समजलो, याची त्यांना मनापासून लाज वाटत होती, आणि ती त्यांनी बोलून दाखवली. तुमचा परवाना कायम आहे, असं सांगितलं.

ताईंनी मान हलवली. त्यांचा पहिला प्रश्न परवान्याबद्दल नव्हता.

“त्या आजी कशा आहेत?”

“कालपासून थोडं बोलतायत.”

ताईंनी डोळे पुसले. मग फळीवरची कापडी पिशवी काढली. आज गडबडीत कुणी जेवलंच नव्हतं. दोन डब्यांपैकी एक बाहेर काढून त्यांनी भाऊजींसमोर टेबलावर ठेवला, रोज ठेवत तसाच, झाकणाची कडी त्यांच्याकडे करून.

“अकरा दिवस तुम्ही माझ्या हातचं जेवलात,” त्या म्हणाल्या. “रोज रात्री घरी आमच्या ह्यांना सांगत होतात, की तिच्या हातून चूक झाली असेल, तिला सांभाळून घे.”

भाऊजींनी डब्याला हात लावला नाही.

“आजचं खाऊन घ्या. उद्यापासून मी एकच डबा आणीन.”

त्यांनी एप्रनची नाडी घट्ट केली, एकशे अठ्ठ्याऐंशी नंबरचा नग मशीनवरून काढला आणि नापासच्या ट्रेमध्ये ठेवला.